आप्पाच्या कांद्याचं बी

संगप्पाला भांडायला कारण लागत नसे. मिळालंच तर शोधायचा वेळ वाचायचा, इतकंच. अक्कलकोटच्या बाजूच्या त्या गावात त्याच्या शिव्या न खाल्लेला माणूस एकतर तान्हा असे, नाहीतर बहिरा. पण पोटातलं खरं वैर एकाच माणसाशी होतं. ती म्हणजे धाकट्या भावाची बायको, चंद्रव्वा.

वाटणीत त्यानं काळं रान आपल्याकडं ठेवलं आणि भावाच्या, तिप्पण्णाच्या, गळ्यात मुरमाड माळ मारला. त्यांच्या बापाचा, आप्पाचा, एक कांदा होता. लाल, चपटा, चिरणाऱ्याला रडवणारा. त्याचं बी आप्पा घरीच धरायचा आणि घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. वाटणीच्या दिवशी चंद्रव्वानं पदर पसरून त्यातलं मूठभर बी मागितलं. माळावर कुसळं उगवतात, कांदा नाही, असं म्हणून संगप्पानं मडक्यावर झाकण ठेवलं. पुढं तिप्पण्णा तापानं गेला, तरी ते झाकण निघालं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात चंद्रव्वानं गावाबरोबर खडी फोडली. पाऊस परत आल्यावर तिनं माळावरच्या रानबोरींवर चांगल्या बोरीचे डोळे भरून कलमं करून घेतली, मधल्या जागेत पेरू आणि लिंबं लावली, झाडांखाली शेळ्या-कोंबड्या पाळल्या. लेंड्या झाडांना, छाटलेला पाला शेळ्यांना, गळलेल्या बोरांतल्या अळ्या कोंबड्यांना. पाच वर्षांत माळ ओळखू येईना. बाजाराच्या दिवशी तिची पाटी कधी रिकामी गेली नाही. बोरं नसली तर लिंबं, लिंबं नसली तर अंडी. पावसात तिचा मुरूम संगप्पाच्या रानात वाहून यायचा, तो थांबला. सामाईक विहिरीला चैत्रातही पाणी राहू लागलं. त्याच पाण्यावर संगप्पा आपलं रान भिजवायचा आणि भिजवता भिजवता तिला शिव्या द्यायचा.

दात कोरून कुठं पोट भरतं का, असं तो पारावर म्हणायचा. पण पोट भरलेलं दिसत होतं, आणि तेच त्याच्या डोळ्यांत सलत होतं. तिच्या झाडांवरची पाखरं आपली ज्वारी खातात, असं त्याचं म्हणणं. खातही असतील थोडी. पण पाखरांनी अळ्याही खाल्ल्या, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

शेवटी त्यानं ठरवलं, हिला एकदा पुरतं खाली बघायला लावायचं. त्या साली त्यानं खायचा कांदा लावलाच नाही. घरातला आप्पाच्या जातीचा होता नव्हता तेवढा कांदा बी धरायला जमिनीत पुरला. एकही मागं ठेवू नये का माणसानं? गौरम्मा, त्याची बायको, भाकरीबरोबर खायला दोन तरी ठेवा म्हणाली, तर तेही त्यानं टोपलीतून उचलून नेले. आप्पानं जे कधी विकलं नाही ते बी विकून तो चंद्रव्वाच्या बोरांच्या नाकावर टिच्चून पैसा करणार होता.

वेळ अमावस्येच्या सणाला चंद्रव्वानं रीतीप्रमाणं त्याच्या घरी चार भाज्यांची भज्जी आणि आंबील पाठवली. त्या दिवशी वैऱ्यालाही जेवायला बोलावतात. संगप्पानं ती आंबील बैलापुढं ओतली. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी बांधावरच्या उंबराला लागलेलं मोठं मोहोळ त्यानं जाळलं. चंद्रव्वाच्या बागेमुळं आलेल्या माश्या त्या, म्हणजे तिच्याच. कडब्याची चूड पेटवून खाली धरली. माश्या पटापट पडल्या, उरल्या त्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. हातावर चार डंख घेऊन तो घरी आला, तो सण असल्यासारखा खूश होता. चंद्रव्वानं जळकी फांदी पाहिली. तिची बोरं आधीच धरली होती. लिंबाचा बहर मात्र पुढं फळ न धरता गळाला.

कांद्याला दांडे आले, दांड्यांवर पांढरे गोंडे फुलले. आप्पाच्या वेळेपासूनची रीत म्हणून संगप्पानं गोंड्यांवर गुळाचं पाणी शिंपडलं. आप्पा त्याला लक्ष्मीचा नैवेद्य म्हणायचा. यंदा त्या नैवेद्याला फक्त मुंग्या आल्या.

गोंडे वाळले, चोळले, तर हातात नुसता भुसा. चिमूटभर काळं बी निघालं, तेही पाण्यात टाकल्यावर वर तरंगलं. मडक्याच्या तळाशी मागल्या सालचं बी होतं, पण कांद्याचं जुनं बी उगवत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. मग संगप्पा चावडीपुढं जाऊन ओरडला, की चंद्रव्वानं करणी केली, आंबिलीतून केली. बैलानं प्यालेल्या आंबिलीनं कांद्याला काय होणार, हे विचारायचं भान लोकांना राहिलं नाही.

घरी आल्यावर गौरम्मानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. उभ्या जन्मात ती नवऱ्याला उलट बोलली नव्हती.

"गुळाचं पाणी आप्पा कुणासाठी शिंपडत हुते?"

"लक्ष्मीसाठी."

"मंग ते चाटायला कोण यायचं?"

संगप्पानं तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. लहानपणापासून पाहिलेलं त्याला आठवलं. गुळाचं पाणी पडलं की सगळा वाफा माश्यांनी गुणगुणायचा, आणि आप्पा हात जोडून बांधावर उभा राहायचा. त्या लक्ष्मीला त्यानं स्वतःच्या हातानं चूड लावली होती.

दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदाच बांध ओलांडून चंद्रव्वाच्या बागेत गेला. ती शेळ्यांना पाला टाकत होती. माफी वगैरे त्यानं मागितली नाही. ते त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. मान खाली घालून त्यानं एवढंच विचारलं, की आप्पाच्या कांद्याचं बी कुठं शिल्लक असंल का, तुझ्याकडं, कुणाकडं, चार दाणे तरी.

चंद्रव्वानं हातातला पाला पुरता टाकून घेतला. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली,

"त्या दिवशी मला मूठभर दिलं असतं, भावजी, तर आज मी तुमाला पायलीभर दिलं असतं."