बादलीतले तेरा थेंब

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काचेची भांडी धुणारी जी बाई होती, तिचा नवरा कॉलेजसमोरच्या रस्त्यावर सलून चालवत असे. नवऱ्याला गल्लीतली पोरं कात्रीकाका म्हणत आणि बायकोला कॉलेजची पोरं थेंबमावशी. काका बोलण्यात पटाईत. मावशी दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलायच्या आणि त्यातले निम्मे प्रश्न असायचे.

गिऱ्हाइकाच्या मानेभोवती पांढरं कापड बांधलं की काकांचा पडदा उघडायचा. कापडाखालून हात बाहेर काढता येत नाहीत, गालाला फेस लागलेला, गळ्याशी वस्तरा. असा हक्काचा प्रेक्षक दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतो? आणि विषय ठरलेला. "आमची ही."

"परीक्षेच्या दिवशी चाळीस पोरांच्या टेबलावरची द्रावणं कोण बनवायचं? प्रोफेसर? छे हो! प्रोफेसर सही करायचे. नळीतून औषधाचा एकेक थेंब पाडायचा आणि रंग पालटला की थांबायचं. एक थेंब जास्त झाला की खेळ खलास. पोरांचा हात कापायचा. हिचा? बत्तीस वर्षांत नाही!"

गिऱ्हाईक "हं" म्हणायचं. दुसरं काय म्हणणार?

पण मावशी निवृत्त झाल्या त्या दिवशी प्राचार्यांनी भाषणात "वाचनालयाची निष्ठेने केलेली सेवा" असं म्हटलं. वाचनालयाची! पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसलेले काका अर्धे उठले होते. मावशींनी सदरा धरून त्यांना खाली बसवलं. घरी येताना त्या स्वतःच हसत होत्या. "त्यांना खालच्या मजल्यावर यायला वेळच कुठे होता?" काकांना मात्र हसू आलं नाही. आपण अर्ध्या गावाच्या कानीकपाळी ओरडलो आणि ज्यांना कळायला हवं होतं त्यांना काही पत्ताच नाही, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

त्यानंतरचे दोन महिने मावशी घरात पाहुण्यासारख्या वावरल्या. घासलेला पेला पुन्हा घासायच्या आणि खिडकीशी धरून त्यावर डाग आहे का ते बघायच्या. काका हे बघत आणि गप्प बसत. ते गप्प बसत, यावरूनच काय ते समजा.

अशात काकांचं एक जुनं गिऱ्हाईक, दातांचे डॉक्टर, गाव सोडून निघाले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती, पावणेदोनशे लिटरची. आत जिवंत प्रवाळ, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउन मासे आणि एक आळशी खेकडा. "काका, नेता का? विकायचा जीव होत नाही." काकांनी एकही जादा शब्द खर्च न करता "नेतो" म्हटलं.

टाकी घरी आली आणि मावशींना बसायला जागा सापडली. संध्याकाळी त्या टाकीसमोर खुर्ची ओढायच्या. सात प्रवाळं होती. त्यातलं एक मोठं हिरवं, हाताची बोटं पाण्यात हलवावीत तसं डोलणारं. ते पसरलं की काका आपल्याच घरात हळू बोलायचे.

पाणी बदलायचं काम काकांनी आपल्याकडे घेतलं होतं. "बत्तीस वर्षं धुणं-पुसणं केलंस, आता माझी पाळी." टाकीवाल्यानं, म्हणजे मासे आणि त्यांचं सामान विकणाऱ्या दुकानदारानं, सगळं शिकवलं होतं. दर रविवारी पाचवा हिस्सा, म्हणजे दोन बादल्या पाणी काढायचं. गाळलेल्या शुद्ध पाण्यात खास समुद्री मीठ विरघळवायचं. तरंगकाटा टाकून खारटपणा बघायचा, मग ते पाणी टाकीत सोडायचं. काका दाढीचा फेस करावा इतकं मन लावून मीठ ढवळायचे.

दोन महिने छान गेले. तिसऱ्यात एक प्रवाळ आक्रसलं, मग पांढरं पडलं. मग दुसरं. टाकीवाला म्हणाला, "काका, घाण साठत असेल. आठवड्यातून दोनदा बदला." दोनदा बदललं. आणखी दोन गेली. आता पाणी बदललं की मोठं हिरवं प्रवाळ मूठ आवळायचं आणि दोन-दोन दिवस उघडायचं नाही. गेल्या वेळी तर चौथ्या दिवशीही उघडलं नाही.

काकांनी हात टेकले. बुधवारी ते दुकानात गेले.

"बाबा रे, माझ्या हाताला यश नाही. तू रविवारी ये आणि टाकी घेऊन जा. उरलेली तीन तरी जगू देत."

टाकीवाला चांगला माणूस. त्याचा चेहरा पडला. "मावशींना विचारलंत?"

"विचारलं तर नको म्हणेल. आणि मग प्रवाळं तिच्या डोळ्यांसमोर मरतील. मी मारलेली." काका एवढंच बोलले आणि निघाले.

घरी येऊन त्यांनी मावशींना सांगितलं. मावशींनी ओट्यावरचा पेला उचलला, ठेवला. मग म्हणाल्या, "रविवारी किती वाजता?"

"अकरा."

"म्हणजे चार दिवस आहेत. नेहमी करता तशी एक बादली करून दाखवा बघू."

"आता कशाला? आधीच अर्धमेलं झालंय ते."

"टाकीत नाही सोडायची. नुसती करा."

काकांनी केली. पोत्याच्या तळाशी थोडंच मीठ उरलं होतं. मापट्यानं काढलं, ढवळलं, तरंगकाटा सोडला. काटा बरोबर रेषेवर. "बघ! रेषेला केसाइतका फरक नाही. केसातलं मला कळतं."

"खारटपणा झाला. थेंब तपासलेत?"

थेंब म्हणजे टाकीवाल्यानं दिलेली एक छोटी बाटली. पाण्याच्या ठरलेल्या मापात तिचे थेंब सोडत जायचे. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं आणि मग एका थेंबाला पिवळं पडतं. किती थेंब लागले त्यावरून पाण्याचा अल्कलीपणा कळतो. आठ-नऊ लागले की प्रवाळ खूश.

"दर शनिवारी तपासतो की टाकी! आठ, कधी नऊ. या महिन्यात दहा."

"टाकी नाही. बादली."

"बादली कशाला तपासायची? नवंकोरं पाणी आहे ते!"

 मावशींनी चष्मा लावला, बाह्या सारल्या आणि त्या खिडकीशी गेल्या. काकांनी बत्तीस वर्षं या हाताचं वर्णन करून गिऱ्हाइकांचं डोकं खाल्लं होतं, पण खरं सांगायचं तर तो हात काम करताना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आज पाहिला. थेंब सुटायचा, बाटली जागच्या जागी थांबायची, मनगटाला हलका झोका, पाणी गोल फिरायचं, मग पुढचा थेंब. कुठे घाई नाही. आठ. नऊ. दहा. पाणी निळंच. अकरा. बारा. तेराव्याला पिवळं झालं.

"चुकलं असेल," काका म्हणाले.

मावशींनी पुन्हा केलं. तेरा. तिसऱ्यांदा केलं. तेरा. मग वहीत लिहिलं.

"म्हणजे मी... तेरावालं पाणी दहावाल्यात ओततोय? आठवड्यातून दोनदा?"

"हो."

"आणि ते बिचारं मूठ आवळणार नाही तर काय करणार!" काका खुर्चीत बसले. मग एकदम उसळले. "पण आधीचे दोन महिने? तेव्हा तर डोलत होतं!"

मावशींनी पोत्यात हात घातला आणि चिमूटभर मीठ तळव्यावर घेतलं. "पोतं उघडलं तेव्हा मीठ असंच होतं? पिठासारखं?"

काकांनी बोटांनी चोळून पाहिलं. "नाही गं. दाणेदार होतं. साखरेसारखं."

"मग असं करा. टाकीवाल्याकडून याच मिठाचं नवं पोतं आणा. न फोडलेलं. आणि येताना उभंच आणा, आडवं करू नका."

शनिवारी काका दुकानात उभे राहिले तेव्हा टाकीवाला गोंधळला. "उद्या टाकी न्यायला येतोय ना मी? मग मीठ कशाला?"

"मला विचारू नकोस. हिनं सांगितलंय."

"पण काका..."

"लेका, तुझं लग्न झालंय ना?"

"झालंय."

"मग पोतं दे."

रविवारी अकराला टाकीवाला दोन मोठे रिकामे टब आणि नळी घेऊन तीन मजले चढून आला. दार उघडलं तर टाकी जागेवर, दिवा चालू, आणि टेबलावर चार सारखे पेले एका ओळीत. कोपऱ्यात नव्या पोत्याला तीन ठिकाणी चीर दिलेली: वर, मध्ये आणि अगदी तळाशी.

"बस," मावशी म्हणाल्या. "तूच कर. तीन पेल्यांत त्या तीन चिरांमधलं मीठ आहे, चौथ्यात जुन्या पोत्याच्या तळाचं. चारही पेल्यांचा खारटपणा सारखा आहे, काटा टाकून बघ."

त्यानं बघितला. सारखा. मग बाटली घेतली आणि मोठ्यानं मोजायला लागला. पहिला पेला, वरचं मीठ: सात. दुसरा, मधलं: आठ. तिसऱ्याला नवव्या थेंबानंतर त्याचा आवाज बारीक झाला. अकरा. चौथ्याला त्यानं मोजणं सोडलंच. त्याच्या वतीनं काका मोजत होते, तेही घोषणा केल्यासारखं: "अकरा! बारा! आणि... तेरा!"

"एकाच पोत्यात?" टाकीवाल्याचा विश्वास बसेना. "म्हणजे बनवणाऱ्यानं घोळ केला?"

"कोणी नाही केला," मावशी म्हणाल्या. "त्यात पाच-सहा प्रकारची मिठं मिसळलेली असतात. पोतं गाडीतून हिंदकळत येतं. अल्कलीपणा वाढवणारं मीठ सगळ्यात बारीक, ते खाली झिरपतं; मोठे दाणे वर राहतात. आमच्याकडे भुकटीचा डबा आला की आधी आडवा करून लोळवायचा, मगच चमचा घालायचा. हे तर रोजचं काम."

टाकीवाला पोत्याकडे बघत राहिला. "मी गेली नऊ वर्षं लोकांना विचारतोय, पाणी किती दिवसांनी बदलता? आणि सांगतोय, अजून बदला."

"आणि टाकीचं पाणी आणून तपासायला सांगतोस. बादलीचं कोणी आणलं?"

"कोणीच नाही." त्यानं हात जोडले. "मावशी, तुम्ही कॉलेजात प्रोफेसर होतात का?"

"नाही रे. मी भांडी धुवायचे."

"भांडी धुवायचे म्हणे!" काका ताडकन उठले. मावशींनी त्यांच्या सदऱ्याकडे हात नेला, पण या खेपेला ते हाती लागले नाहीत. "चाळीस पोरांच्या नळ्या हिनं भरल्या, डबे हिनं लोळवले, दरवर्षी आकडे बरोबर आले ते हिच्यामुळे! प्रोफेसर होता का विचारतोस? प्रोफेसर हिला विचारायचे!"

"कधी कधी," मावशी म्हणाल्या. आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लग्नानंतर त्या पाळ्या लाल झालेल्या काकांनी दुसऱ्यांदाच पाहिल्या.

"मग आता सांगा," टाकीवाला म्हणाला, "बदलायचं किती दिवसांनी?"

"तीन आठवडे अजिबात नाही. टाकी आपसूक आठ-नऊवर उतरेल. मग आठवड्याला एकच बादली, दहावा हिस्सा. पोतं आधी दहा वेळा लोळवून. मीठ आदल्या संध्याकाळी विरघळवून. आणि बादलीचे थेंब टाकीच्या थेंबांशी जुळले तरच. नाही जुळले तर त्या आठवड्याला बदलायचं नाही. पाणी आठवडाभर जुनं राहिलेलं चालतं, एकदम पालटलेलं चालत नाही."

टाकीवाल्यानं आपले रिकामे टब उचलले. काका त्याला सोडायला खालपर्यंत गेले. खरं तर त्यांना प्रत्येक मजल्यावर दार वाजवायचं होतं. टाकीवाल्याला दुकान उघडायला दुपार झाली.

पुढचे सतरा दिवस घरात कोणी टाकीला हात लावला नाही. काकांना हे फार जड गेलं. अठराव्या दिवशी ते एका गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा टेकवत होते, तेवढ्यात फोन वाजला. मावशी कधी सलूनमध्ये फोन करत नसत. काकांनी घाबरूनच उचलला.

"उघडलं," मावशी म्हणाल्या. "पूर्ण. पहिल्यासारखं डोलतंय." आणि फोन ठेवला.

काकांनी वस्तरा पुसून ठेवला. "साहेब, अर्धी झालीय. उरलेली तासाभरानं करू. घरी प्रवाळ उघडलंय."

"घरी काय?" फेसातून आवाज आला. पण काका रस्ता ओलांडून गेलेसुद्धा. ते गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी तासभर पेपर वाचत बसलं आणि पुढच्या महिन्यात परत आलं, हेही सांगायला हवं.

टाकीवाल्यानं दुकानात मिठाच्या पोत्यांवर पाटी लावली: आधी लोळवा, मग फोडा, शंका असल्यास मावशींना विचारा. खाली पत्ता. आता रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात माणसं बसलेली असतात, हातात पाण्याच्या छोट्या बाटल्या घेऊन. एक शाळामास्तर, एक बँकेतली मुलगी, एक निवृत्त पोलीस, ज्याचा आवाज मावशींसमोर आपोआप खाली येतो. खिडकीशी चष्मा लावून मावशी थेंब सोडतात, मागे मोठं हिरवं प्रवाळ डोलत असतं. आणि दारात कात्रीकाका, सलूनमधला पांढरा कोट घालून, कोणी सांगितलेलं नसताना.

"चला, पुढचे! बाटली कशाची? टाकीची? मग साहेब, तीन मजले उतरा, घरी जा आणि बादलीचं आणा. आमच्या हिचा वेळ फुकटचा नाही!"