नाटक नव्हतं ते

अक्कलदाढ काढली त्या दिवसापासून माझा जबडा वाजतो. तोंड उघडलं की उजव्या कानापुढे खट् असा आवाज होतो आणि शेजारी बसलेल्यालाही तो ऐकू जातो. चांगल्या माणसाने माफ करावं म्हणतात. मी केलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी तेव्हा सोलापुरात मुलींच्या एका शाळेत शिकवत होते. वरच्या वर्गाच्या कविता माझ्याकडे होत्या. कविता चालीवर म्हणून घ्यायची रीत होती, आणि माझा गळा चांगला होता. हे मीच सांगायला हवं. आता दुसरं कोण सांगणार? यजमान गिरणीत कारकून होते. मूलबाळ नव्हतं. शाळा हेच माझं सगळं.

दाढ दुखायला लागली ती दिवाळीनंतर. लवंगेचं तेल झालं, हिंगाचा बोळा झाला. गाल सुजून डोळा मिटायला आला तेव्हा यजमान मला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. हे गृहस्थ मुंबईहून नुकतेच आले होते. पायाने वरखाली होणारी खुर्ची, काचेच्या कपाटात चकचकीत चिमटे. गावातली बडी मंडळी त्यांच्याकडे जात.

माझ्याशी ते "तोंड उघडा" एवढंच बोलले. दातांत लाकडाचा ठोकळा बसवला आणि चिमटा घातला. दाढ हलेना. त्यांनी एक गुडघा खुर्चीच्या हातावर टेकवला आणि सगळा जोर लावून ओढू लागले. कानापुढे काहीतरी ताणत चाललं आहे हे मला कळत होतं. थांबा, म्हणून मी हात वर केला. त्यांनी तो धरून खाली दाबला.

शेवटी दाढ निघाली. ठोकळा काढला. पण माझं तोंड मिटेना. हनुवटी पुढे येऊन एका बाजूला गेली होती, लाळ गळत होती. बोलायला जावं तर नुसतं आ, आ. त्यांनी हनुवटीला खालून दोनदा रेटा दिला. मी किंचाळले. तेव्हा ते बाजूला झाले आणि माझ्याकडे न बघता यजमानांना म्हणाले, "दाढ निघालेली आहे. बाकी हे नाटक आहे. शिकलेल्या बायकांत हिस्टेरिया फार. घरी न्या, लक्ष देऊ नका. आपोआप मिटेल तोंड."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका नजरेत, खरंच नाटक आहे का, ही शंका होती. ती मी पाहिली.

टांग्यात मी पदराने तोंड झाकून बसले. घरी आलो तर शेजारणी जमल्या. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं फेफरं आहे. एकीने तर माझ्या नाकाशी चप्पल धरली. मी पूर्ण शुद्धीवर होते. कोण काय म्हणतं ते एकेक अक्षर ऐकत होते आणि एकीलाही उत्तर देता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनाच राहवेना. त्यांनी मला बायकांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनी बघताक्षणी विचारलं, "सांधा निखळलाय. काल का नाही आणलंत?" बाईंनी दोन्ही अंगठ्यांना फडकं गुंडाळलं, ते माझ्या खालच्या दाढांवर ठेवले, खाली दाबले आणि जबडा मागे सरकवला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तोंड मिटलं. मी पहिला शब्द बोलले तो, "नाटक नव्हतं."

"नव्हतंच," बाई म्हणाल्या.

जबडा बसला, पण सांधा बिघडला तो बिघडलाच. खट् आवाज सुरू झाला. जांभई आली की हाताने हनुवटी धरावी लागे. मी बाईंकडे जात राहिले. कुठल्या बाजूने चावता, त्यांनी विचारलं. डावीकडे किडका दात होता, म्हणून वर्षानुवर्षं सगळं उजवीकडे. काय खाता? आमच्याकडे कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर सुपारी. झोपेत दात खाता का? यजमान म्हणाले, "खाते. फरशीवरून काहीतरी ओढल्यासारखा आवाज येतो."

"मग तुमचा सांधा आधीच ताणलेला होता," बाई म्हणाल्या. "अशा माणसाचं तोंड बराच वेळ आ करून ठेवलं की जबडा निखळतो. दाढ काढण्याआधी हे विचारायचं असतं."

"म्हणजे त्यांची चूक नाही?"

"अर्धी असेल."

"जबड्याची अर्धी असू द्या," मी म्हणाले. "नाटक म्हणाले ती अख्खी त्यांची."

ते नाटक दवाखान्यात राहिलं नाही. डॉक्टर कुणाच्या तरी घरी जेवायला गेले, तिथे त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. तो फिरत फिरत शाळेत आला. मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. "तुम्हाला झटके येतात असं कळलं. मोठ्या मुलींसमोर तसं काही झालं तर बरं दिसणार नाही." मी बोलायला तोंड उघडलं आणि जबडा वाजला. त्यांनी मान फिरवली. माझा वर्ग गेला, कविता गेल्या. मला बिगरीच्या लहान मुली दिल्या. त्या पोरी जिभेने टाळूला टक् टक् करून माझी नक्कल करत.

दातओठ खाणं म्हणतात ते मी तेव्हा खरोखर करत होते. सकाळी उठले की गाल दगडासारखे झालेले असत. यजमान म्हणाले, "जाऊ दे ना गं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राग सोडा, निदान सांध्यासाठी तरी." मी म्हणाले, "संक्रांत होऊ द्या." कारण डॉक्टर यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, संक्रांतीच्या जत्रेत, तंबू ठोकणार, न दुखवता दात काढून दाखवणार, असं मी ऐकलं होतं.

जत्रेच्या भर दुपारी मी गेले. तंबूपुढे ही गर्दी. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं गाल धरून बाकावर बसली होती. डॉक्टर कोट घालून उभे होते. मी सरळ पुढे गेले.

"मला ओळखलंत?"

ओळखलं होतं. ते लोकांकडे वळून हसले. "या बाईंना फिट येतात. जरा वाट द्या त्यांना."

बाकावर मोहोळकडची एक म्हातारी होती. मी तिचा हात घेतला, तिचं बोट माझ्या कानापुढे ठेवलं आणि तोंड उघडलं. म्हातारीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"आगं आई! हाड उडी मारतंय की हिचं!"

"ह्यांनी दाढ काढली तेव्हापासून," मी म्हणाले. "आणि मला म्हणाले, नाटक करते."

मग दुसरी आली. कपाळावर विभूती लावलेल्या एका बाईने बोट ठेवलं आणि "अय्यो शिवा" म्हणत शेजारणीला कानडीत सांगू लागली. एकेक बाई येत होती, बोट लावत होती, मी तोंड उघडत होते. प्रत्येक वेळी कानात सुरी फिरत होती. मी थांबले नाही.

मग मी डॉक्टरांना म्हणाले, "आता तुम्ही लावा बोट."

"काय तमाशा लावलाय!"

म्हातारी उठून उभी राहिली. "लाव की! दातांचा डागदर न्हवं तू? येवड्या बायांनी लावलं, तुलाच काय हुतंय?"

गर्दी हसली. "लावा की, लावा," चारी बाजूंनी सुरू झालं. त्यांना लावावंच लागलं. बोट गार पडलं होतं त्यांचं. मी त्यांच्या डोळ्यांत बघत सावकाश तोंड उघडलं. सांधा त्यांच्या बोटाखाली उडाला. चेहऱ्यावरून रंग उतरताना मी पाहिला. इतका सुंदर देखावा मी त्या जत्रेत दुसरा पाहिला नाही.

"आता म्हणा नाटक," मी म्हणाले.

म्हातारीने आपलं गाठोडं उचललं. "चला गं. आमाला न्हाय काडायचा दात." बाक रिकामा झाला. संध्याकाळच्या आत तंबू उतरला, आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांनी गावच सोडलं.

माझं काय झालं? त्या दुपारनंतर जबडा असा धरला की बोटभरसुद्धा उघडेना. कितीतरी दिवस मी आंबील आणि कण्यांवर काढले. डॉक्टरीणबाई मला खूप रागावल्या. वरचा वर्ग मला परत मिळाला नाही. मात्र "झटके येतात" असं पुन्हा कुणी माझ्यासमोर म्हणालं नाही.

काही वर्षांनी एक जुनी विद्यार्थिनी माहेरी आली होती, ती भेटायला आली. तिच्या सासरच्या गावी दातांचे एक डॉक्टर आहेत, फार जपून काम करतात, असं सांगत होती. जबडा वाजतो का, कुठल्या बाजूने चावता, आधी सगळं विचारतात. दात काढताना खालून जबड्याला हात देतात, मध्येच तोंड मिटून विसावा घ्यायला सांगतात. पूर्वी सोलापुरात होते म्हणे.

यजमान म्हणाले, "बघ, सुधारला माणूस."

सुधारला असेल. त्याला शहाणपण आलं ते माझ्या हाडावर. त्या गावच्या बायकांना मिळणारा तो हात माझ्या हनुवटीखाली का नव्हता, एवढंच माझ्या मनात आलं, आणि जुना राग होता तसा वर आला. मी तिला म्हणाले, "पुढच्या वेळी गेलीस की सांग त्यांना, सोलापूरच्या मास्तरीणबाईंनी विचारलंय, आठवण आहे का?"

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे.

दिवाळीला ती पुन्हा आली तेव्हा मी आधी तेच विचारलं. सांगितलं, म्हणाली.

"मग?"

"सोलापूर म्हटलं मात्र, बाई, चिमटा हातातच राहिला. मग म्हणाले, आज नको, उद्या या."

मला बरं वाटलं. जबडा त्या दिवशीही ठणकत होता, तरी बरं वाटलं.