त्याला कंत्राटावर मी नेलं

माझ्या हाताखाली काम केलेला एक इंजिनियर आज, अडुसष्टाव्या वर्षी, सिंगापूरात मरीन परेडच्या एका कॉन्डोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, गेटवर बारा तास पहारा करतो. मी घरी बसतो आणि मला दर महिन्याला फंडातून पैसे येतात. आपल्या मराठी मंडळींत याचं कारण ठरून गेलं आहे: त्याला हातात जास्त पैसे हवे होते, म्हणून त्याने कायमची नोकरी सोडून कंत्राट घेतलं. हे खरं नाही.

आम्ही दोघं बोटीवरचे. मी आधी जमिनीवर आलो, जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत मॅनेजर झालो. त्याला मुलगी झाल्यावर त्यालाही तिथे नोकरी दिली. काही वर्षांनी वरून हुकूम आला की दुरुस्तीची माणसं कंत्राटावर न्यायची. काम तेच, वेळ तीच. फक्त म्हातारपणाच्या फंडासाठी पगारातून कपात होणार नाही, म्हणून हातात थोडे जास्त पडतील, आणि कंपनीही फंडात आपला वाटा भरणार नाही. जबरदस्ती करायची नव्हती, पटवायचं होतं. यादी मी केली आणि पहिलं नाव त्याचं लिहिलं, कारण तो माझं ऐकेल हे मला ठाऊक होतं.

काय बोलायचं तेही ठाऊक होतं. बोटीवर कुणीच कायम नसतो. सही करून चढायचं, नऊ महिन्यांनी सही करून उतरायचं, घरी जायचं, पुन्हा नवा कागद. या सवयीचा माणूस पुढच्या कागदापलीकडे बघत नाही.

"अरे, जन्मभर कंत्राटच केलंस की," मी म्हणालो. "आता बोट हलत नाही, एवढाच फरक."

तो हसला. मग म्हणाला, "साहेब, फंडाचं काय?"

त्याने विचारलं होतं. मला हेच नोंदवायचं आहे. मी म्हणालो, "ते कंपनी बघेल." कंपनी काही बघणार नव्हती, आणि ते मला माहीत होतं. माझी स्वतःची नोकरी मात्र कायम राहिली.

हल्ली ॲपवरून जेवण पोचवणाऱ्यांसाठीही फंडाचे नियम आले. एका पूजेच्या जेवणात त्यावर बोलणं निघालं. त्याची बायको त्याला म्हणाली, "बघा! स्कूटरवरच्या पोरांना कळतं. आमच्या इंजिनियरसाहेबांना नोटा मोजायच्या होत्या!" सगळे हसले. त्याने मान खाली घालून श्रीखंड खाल्लं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी मी वुडलँड्सला त्याच्या फ्लॅटवर गेलो. दोघांसमोर सगळं सांगितलं.

त्याची बायको नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"दोन-तीन वर्षांनी कळलं."

"मग इतकी वर्षं माझी बोलणी का खाल्लीत?"

"काय सांगणार? साहेबांनी फसवलं म्हणून? आपल्याला घर मिळालं तेव्हा जामिनाला कोण उभं होतं? आणि मी काय कुक्कुलं बाळ होतो? कागद वाचायला हवा होता."

"तू विचारलं होतंस," मी म्हणालो.

"हो. विचारलं होतं." एवढं म्हणून तो उठला. रात्रपाळीच्या आधी त्याला झोपायचं होतं.

मी त्याच्या बायकोला म्हणालो, "वहिनी, मला काही मदत करू द्या."

"पैशांचं मला विचारू नका, भाऊजी. ते घ्यायचे की नाही, ते हे ठरवतील." तिने माझ्यापुढचा चहाचा कप उचलला, मी तो प्यायलो नव्हतो. "इथे दार लावून सांगितलंत. हावरट मात्र यांना सगळे चारचौघांत म्हणाले. मीही म्हणाले. माझं मी बघते. तुम्ही चारचौघांत सांगा."

म्हणून मंडळाच्या या अंकात लिहितो आहे. त्याने फंडाबद्दल विचारलं होतं, आणि मी खोटं बोललो होतो.