संसार माया आहे

"ऐकतं का देऊ एक?"

इयरफोनचं एक टोक त्याच्या कानात, दुसरं समोरच्याच्या नाकापुढे, आणि उजव्या हाताची मूठ वळलेली. अमरावतीच्या आमच्या ऑटो स्टँडवर तो अध्यात्माची शिफारस अशी करायचा. ऐकलं तर गोष्ट, नाही तर थापड. ज्याच्याशी बोलताना आपण आधी त्याच्या हातांकडे बघतो, असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

कानातल्या या पॉडकास्टच्या आधीही हात असेच होते. सवारीचा नंबर चुकला म्हणून त्याने आमच्यातल्याच एकाचे दोन दात पाडले. एका कारवाल्याने कट मारला, तर याने त्याचा आरसा बुक्कीने फोडला आणि रक्ताळलेल्या हातानेच दिवसभर ऑटो चालवला. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दिमाग सटकला, भाऊ." आम्ही हसायचो. बाप्पा, काय आमचं हसणं! भाजी खारट झाली म्हणून त्याने बायकोचं, आमच्या वहिनीचं, मनगट पिरगाळून मोडलं, तेव्हा ते हसणं थांबलं. हाड वाकडंच जुळलं. वहिनी अकोल्याला भावाकडे निघून गेली.

तिथून तिने त्याला त्या पॉडकास्टची लिंक पाठवली. कोणी एक बाबा हळू आवाजात गोष्टी सांगतो आणि दर गोष्टीच्या शेवटी विचारतो, तुला दिसतंय ते खरं आहे कशावरून? वहिनी फोनवर म्हणाली, "हे सारं ऐका. डोकं शांत झालं तर बोलू." ती बोलू म्हणाली होती. त्याने स्टँडवर येऊन सांगितलं, "येते म्हणते!"

मग काय विचारता! ऑटोत बसला की सवारीच्या कानात बाबा. एक प्राध्यापक म्हणाले, जग खोटं असेल तर तुमचं भाडंही खोटंच. याने भर चौकात ऑटो थांबवला आणि त्यांची कॉलर धरून गदागदा हलवलं. "जग खरं नाई म्हणून राहिला ना तो! समजत कसं नाई तुले?"

"अबे, जग खरं नाई तर त्याची कॉलर सोड!" मी मागून ओरडलो.

त्याने सोडली, आणि स्वतःच खो खो हसला. असा होता, म्हणून तर त्याच्यावर पूर्ण रागावताही यायचं नाही.

गोष्टी मात्र चांगल्या होत्या, हे मी आजही सांगतो. तुम्हीही ऐका. एक शिकारी जन्मभर एका जनावराच्या मागावर फिरतो, आणि म्हातारपणी त्याला कळतं की ते ठसे त्याच्याच पायांचे आहेत. ती ऐकून मी दोन सवाऱ्या सोडल्या होत्या. तिच्याच शेवटी बाबा म्हणतो, "हा संसार माया आहे."

नवराबायकोचं बिनसलं की समजूत घालायला आमच्याकडे एक जाणता माणूस सोबत नेतात. त्याने मला नेलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात साळ्यासाठी संत्रा बर्फी. बसमध्ये अकोल्यापर्यंत एक शिवी नाही. मला वाटलं, सुधरला गडी.

साळा दारातच उभा होता. सावकाश म्हणाला, "ताई येणार नाई, भाऊजी."

"काहून नाई? बाबा काय म्हणते माईत आहे? संसार माया आहे! माया! तुया नाई!"

आणि पहिला ठोसा नाकावर बसला. इकडचे नसाल तर सांगतो, वऱ्हाडीत 'माझा'ला 'माया' म्हणतात, 'तुझा'ला 'तुया'. माया भाऊ, माया बाप, माया संसार. पोथीतली माया त्याला ठाऊक नव्हती असं मी मानत नाही, पण त्याच्या कानांना सोयीचं तेच ऐकू यायचं. त्याने साळ्याचं डोकं चौकटीवर आपटलं. मी मागून कवळ घातली, तर कोपर माझ्या बरगडीत. दर ठोशाला म्हणत होता, "माया आहे! माया आहे!" साळ्याची पांढरी बनियन लाल झाली, बर्फी पायाखाली चेंदली.

वहिनी धावत बाहेर आली आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

"अहो, माया म्हंजे खोटं! तुमचं नाई!"

उचललेला हात तसाच राहिला. "खोटं?"

"हो."

"सारंच?" त्याचा चेहरा एकदम उजळला, आणि मार खाताना नव्हती वाटली इतकी भीती मला तेव्हा वाटली. "मंग म्या मारलं, थेबी खोटंच ना?"

वहिनीने वाकडं मनगट त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. "याले हात लावून पाहा."

त्याने हात लावला नाही. मटकन ओट्यावर बसला. पोलीस आले. मी डोळ्यांनी पाहिलं ते सगळं सांगितलं.

"तू तिच्या बाजूनं?" त्याने विचारलं.

"हो."

जामिनावर सुटल्यावर त्याने ऑटो विकला आणि अमरावती सोडली. कोणी म्हणे अकोटच्या जिनिंगवर कापसाच्या गठाणी उचलतो, कोणी म्हणे महानुभावांच्या रिद्धपूरला दिसला. वहिनीने अकोल्यातच दुसरीकडे खोली घेतली. पत्ता भावाला आणि मला, बस.

मी एकदा भेटायला गेलो, तेव्हा चहा देताना ती म्हणाली, "भाऊजी, त्याहिनं इचारलं तर मी मेली म्हणून सांगजा."

परवा दुपारी त्याचा फोन आला. आवाज इतका मऊ की मी आधी ओळखलाच नाही. "भाऊ, कुठी राह्यते थे आता?"

दोस्त होता हो माझा. तरी म्हणालो, "वहिनी मेली."

तो रडायला लागला. त्याला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "खरं सांगून राहिला का बे?"

"खरं," मी म्हणालो.