तिसऱ्या गाण्यातली घंटी

बसमध्ये शेजारी बसलं की दादा न विचारता इअरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात ठेवून दुसरं माझ्या कानात खुपसायचे. मग माझ्या तोंडाकडे बघत विचारायचे, "आली काय रे?"

पोलादपूरहून महाडच्या एमआयडीसीत जाणारी आमची कंपनीची बस. मी स्टोअरमध्ये कारकून, ते बॉयलर सांभाळायचे. मुंबईतल्या मुलीने त्यांच्या फोनमध्ये दोघा इंग्रजांचा एक अल्बम भरून दिला होता. एक गायचा नि गिटार वाजवायचा, दुसरा नुसती यंत्रं. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. त्यांना मात्र भारी कौतुक. म्हणायचे, "दोघंच हायत बघ, पण आवाज आख्ख्या बॉयलर हाऊसचा."

तिसऱ्या गाण्यात, त्या सगळ्या दणदणाटामागे, एक बारीक घंटी वाजायची. ती ऐकू आली की त्यांचा दिवस सुरू. तुम्ही म्हणाल, काय हा छंद. छंद कसला, धास्ती होती. उभा जन्म त्या घरघरीत काढलेला, आणि कान गेले की बॉयलरवरून उचलबांगडी. "बॉयलर पयला कानाला सांगतो, मग दाबाच्या काट्याला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दर वर्षी कानांची तपासणी जवळ आली की त्यांचं जेवण निम्म्यावर यायचं.

त्या वर्षी तपासणीला आठवडा होता. बिरवाडी फाट्यापाशी त्यांनी विचारलं, "आली काय?" माझ्या कानात घंटी स्पष्ट वाजत होती, त्यांना मात्र ती ऐकू आली नव्हती. त्यांच्या कपाळाला घाम, डोळे माझ्या तोंडावर. मला बघवेना.

"नाय आली," मी म्हणालो. "वायर गेली असेल, दादा."

"तरी मी म्हनलं," ते म्हणाले आणि इतके मोकळे हसले की मलाच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन इअरफोन आणला. मी पुन्हा तेच सांगितलं, फक्त या वेळी खापर फोनवर फोडलं.

चौथ्या दिवशी दुपारी वाफेच्या पाइपाचा जोड फुसफुसू लागला. ते त्याच्याजवळच पाठमोरे उभे होते. जोडीदाराने धावत येऊन ओढलं तोवर जोड फुटला. जीव वाचला, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला, आणि उरलंसुरलं ऐकणंही त्या धडाक्यात गेलं. चौकशीत दोष जुन्या जोडावर गेला. मी गप्प बसलो. भित्रा माणूस आहे मी, लपवून काय करू?

ते पुन्हा बसमध्ये दिसले नाहीत.

गेल्या महिन्यात धीर करून त्यांच्या वाडीवर गेलो. पडवीत आम्ही दोघंच, वहिनी आत चहा ठेवत होत्या. मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. घंटी येत होती दादा, दोन्ही दिवस येत होती. मान वर केली तर ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"जरा मोठ्यानं बोल रे," ते म्हणाले. "आता काय बी आयकू येत नाय."

आतून वहिनींनी विचारलं, "काय म्हन्ताय, भावजी?"

"तब्येत विचारतोय, वहिनी," मी म्हणालो. हे मात्र मोठ्याने म्हणालो.