प्लगची टोपी आणि परळीची राख

परळीत राहण्याचा एक मोठा फायदा आहे. काहीही बिघडलं तरी दोष द्यायला औष्णिक वीज केंद्राची राख हजर असते. पापड नीट वाळले नाहीत, राख. पंखा कुरकुरतो, राख. शेजारच्या तात्यांचे जावई दिवाळीला आले नाहीत, तेव्हा तात्यांनी त्याचंही खापर राखेवरच फोडलं.

माझा स्वभाव तसा नाही. माझ्या हातून पेला फुटला तर मी आधी कबुली देतो आणि मग काचा उचलतो. म्हणूनच गेल्या हिवाळ्यातला तो आठवडा मला फार जड गेला.

बायको चाळिशी ओलांडल्यावर स्कूटी शिकली. साड्यांना फॉल-पिको करून ती बाजारातल्या दुकानांत पोचवते. दर वेळी माझी वाट बघत बसायला नको, म्हणून तिने हे धाडस केलं. थंडीत एका सकाळी स्कूटी सुरू होईना, तेव्हा मी म्हणालो, "प्लग गेला असेल. मी बदलतो."

आणि बदलला, तोही मन लावून. इंजिन गार होतं. जुना प्लग काढण्याआधी भोवतालची राख ब्रशने झाडली, म्हणजे भोकातून आत पडायला नको. नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवत नेला, आटे सरळ लागल्याची खात्री केली आणि शेवटी पान्याने बेताने आवळला. वर वायरची टोपी घातली. मग काळाठिक्कर जुना प्लग तळहातावर ठेवून फोटो काढला आणि सासरच्या ग्रुपवर टाकला. मेहुण्याने लिहिलं, "दाजी, आता आमचा ट्रॅक्टरबी बगा." डिझेलच्या ट्रॅक्टरला असला प्लग नसतो, हे ठाऊक असूनही मी फुगलो.

दुसऱ्या दिवसापासून स्कूटी शाळेपुढच्या गतिरोधकावर बंद पडू लागली. सपाट रस्त्यावर छान पळायची, आणि धक्का बसला की गप्प.

"माजंच चुकतंय," बायको म्हणाली. "ब्रेक दाबताना हात वंगाळ पडत आसंल."

तात्या फाटकातून म्हणाले, "सूनबाई, तुजं काय चुकत न्हाई. राख शिरली हाय आत."

प्लग बदलण्याआधी त्याच गतिरोधकावरून गाडी नीट जात होती, हे मला आठवत होतं. पण मेहुण्याचं कौतुकही आठवत होतं.

मग एका सकाळी तिने किल्ली खिळ्याला अडकवली. साड्यांचं गाठोडं काखेत घेत म्हणाली, "रिक्षानं जाते. या वयात न्हाई जमायचं मला ते."

ती गेली आणि मी पाना न घेताच स्कूटीचं झाकण उघडलं. प्लग घट्ट होता. टोपीला हात लावला, तर ती अलगद हातात आली. आठवडाभर ती प्लगवर नुसती टेकली होती. धक्का बसला की उचलली जायची आणि ठिणगी बंद. मी ती जोर लावून दाबली. टक्क! असा आवाज पहिल्या वेळी आलाच नव्हता. मला फोटोची घाई झाली होती.

बायको परतली तेव्हा तात्या फाटकाशीच उभे होते. मी दोघांसमोर सांगून टाकलं, "तुझा हात चांगला आहे. मीच टोपी नीट बसवली नव्हती."

"काय बी बोलतो बे!" तात्या माझ्यावर खेकसले. "टोपीत राख गेली आसंल, म्हून बसली न्हाई."

"तात्या, राख नव्हती. मीच होतो."

"आरं, राखच हाय ती!"

बायकोने गाठोडं ओट्यावर ठेवलं. "काढा ती टोपी," ती म्हणाली. मी काढली. तिने ती स्वतःच्या हाताने दाबली. टक्क.

"आलं का ऐकू?"

"आलं."

"मग बसा मागं."

शाळेपुढचा गतिरोधक आला. मी सीटवरून उडालो, स्कूटी मात्र पळत राहिली. आता घरी जाऊ असं मला वाटलं. पण तिने पुढे जाऊन गाडी वळवली आणि पुन्हा त्याच उंचवट्यावर घातली, आधीपेक्षा जोरात. माझी चप्पल रस्त्यावर पडली. ती उचलायलाही न थांबता तिने तिसऱ्यांदा गाडी वळवली.

"अवो, धरून बसा," ती म्हणाली. "माजा ब्रेकवरचा हात वंगाळ हाय."