पथ्य नसलेली गोळी

आमच्याकडं डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली की माणूस खुर्चीवरून उठायच्या आधी एकच गोष्ट विचारतो, पथ्य काय? आंबट बंद, तेलकट बंद असं ऐकलं की त्याला बरं वाटतं. काहीच बंद नाही म्हटलं की तो डॉक्टर कच्चा. मीही त्यातलीच. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या लेकीला एडीएचडीची, म्हणजे मन एका जागी न ठरण्याच्या आजाराची गोळी लिहून दिली तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि त्यांच्या केबिनमधल्या फिरत्या स्टुलावर गरागरा फिरत होती. मी पथ्य विचारलं. त्या म्हणाल्या, पथ्य काही नाही. या गोळीनं दुपारची भूक मरते, तर सकाळी गोळीआधी पोटभर खाऊ घाला, संध्याकाळी पुन्हा द्या. रक्तात लोह कमी निघालं होतं, त्याचं औषध वेगळं दिलं. बाकी टॉनिक-बिनिक नको, म्हणाल्या, घरचं जेवण नीट असू द्या. पण जेवण गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला.

मला ते काही पटलं नाही. मी अंगणवाडी सेविका. तिसगावच्या बाजूला आमचं गाव, आणि गावातल्या आयांना लेकराच्या पोटात काय जायला पाहिजे हे सांगण्यात माझी उमर गेली. मलूल पोरं खाण्यानं उठून पळायला लागलेली मी स्वतः बघितलीत. आणि माझ्याच पोरीचं दुखणं नुसत्या खाण्यानं जाणार नाही, हे मला कुणी सांगावं? घरी येऊन गोळी तेवढी सुरू केली, पण गावात आजाराचं नावसुद्धा काढलं नाही. एडीएचडी म्हटलं की गावाला पहिली दोन अक्षरं ऐकू येणार, तीही 'येडी' अशी.

आता ती राहुरीला हॉस्टेलला असते. शेतीचं शिकते, गोळी आणि न्याहारी दोन्ही स्वतःची स्वतः सांभाळते. मला मात्र सकाळचे साडेसहा वाजले की अजून चैन पडत नाही. तेव्हा बाजरीची भाकरी तव्यावरून उतरली की तिच्यावर लोण्याचा गोळा, बाजूला जवसाची चटणी आणि एक उकडलेलं अंडं. थंडीत हुलग्याची शेंगोळी, ती तर तिला वाटीभर पुरायची नाही. पण एका जागी बसून खाईल ती आमची लेक कसली. एक घास उंबऱ्यात, एक घास शेळीपाशी, एक न्हाणीच्या दगडावर एका पायावर उभं राहून, आणि मी मागं मागं ताटली घेऊन. वेणी घालताना पेडामागं एक घास, असं आमचं ठरलेलं. तोंडात घास असतानाच तिला प्रश्न पडायचे. शेळीला दाढी असते तर तिला लाज वाटत नाही का, कोंबडीला दात नाहीत तर ती खडे का खाते. मी वैतागायचे. पायाला भिंगरी लागली का गं, म्हणून ओरडायचे. आता घर इतकं शांत असतं की कधी कधी मीच ताटली घेऊन उगीच उंबऱ्यात जाऊन बसते. कुणीतरी तसं पळवावं असं फार वाटतं.

गोळी लागू पडली, हे खरं. पंधरा दिवसांत वही पुरी भरून यायला लागली. शाळेतल्या तिच्या बाईंनी आपण होऊन फोन केला, पहिल्यांदाच चांगलं सांगायला. पण दुपारचा डबा जसाच्या तसा परत यायचा. दोन महिन्यांनी मी तिला अंगणवाडीच्या काट्यावर उभं केलं तर किलोभर वजन उतरलेलं. त्यात गिरणीत दळण ठेवायला गेले तेव्हा एकजण हसत म्हणालीच, मॅडम, आमाला शिकविता आन तुमची पोर तर पार काडी झाली. मस्करीच होती, पण झोंबली.

हे माझ्या मावसबहिणीच्या कानावर गेलं. ती मिरजगावची, घरोघर पावडरचे डबे विकायची. एक मोठा डबा, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि झिंकच्या गोळ्या घेऊन ती आली. म्हणाली, ती डॉक्टरची गोळी बंद कर, हे चालू कर. आणि मग तिनं पथ्य सांगितलं. साखर बंद, गूळ बंद, चहा-बिस्किट बंद, मैदा बंद, दुकानातलं रंगीत काही नाही. ती यादी ऐकून माझा जीव भांड्यात पडला. एवढं बंद आहे म्हणजे गुण येणारच.

डॉक्टरीणबाईंना विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. लेकीलाही सांगितलं नाही, कारण ती शाळेत बोलून गेली असती. तिची गोळी पांढरी आणि झिंकचीही पांढरी. रोज सकाळी मी झिंकची तिच्या तळहातावर ठेवायचे आणि नेहमीसारखंच म्हणायचे, घे गोळी. ती विश्वासानं गिळायची.

आणि पथ्य तर असं पाळलं तिनं. वर्गात कुणाच्या वाढदिवसाचं चॉकलेट मिळालं तर खिशात घालून घरी आणायची, वितळलेलं, आणि माझ्या हातात द्यायची. उसाची ट्रॉली रस्त्यानं निघाली की सगळी पोरं मागं पळत ऊस ओढायची आणि ही बांधावर उभी. दोन मिनिटं जागेवर न ठरणारी माझी पोर, ट्रॉली वळणाआड जाईपर्यंत हात मागं बांधून उभी राहायची. मला केवढा अभिमान वाटायचा तेव्हा. आता ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

भूक परतली. वजन वाढलं. मी गिरणीत जाऊन मुद्दाम ऐकवून आले. शाळेतून मात्र वही अर्धी यायला लागली, कंपास हरवला, मधल्या सुट्टीत मारामारी झाली. चाचणी परीक्षा आठ दिवसांवर आली आणि बाईंचा फोन आला. पोरगी पुन्हा पहिल्यासारखी करतेय, गोळी चालू आहे ना? चालू आहे, म्हटलं मी. धडधडीत खोटं बोलले. पावडरीला अजून थोडा वेळ द्यावा, गुण येईल, असं मनाशी म्हणत राहिले. महिना होत आला होता.

त्याच आठवड्यात शनिवारी अंगणवाडीतून दुपारी घरी आले तर ती पडवीत टेबलाशी गणिताची वही घेऊन बसलेली. एवढी गुमान बसलेली बघून मला बरंच वाटलं. जवळ गेले तेव्हा दिसलं, तिनं शाळेच्या लाल रिबिनीनं स्वतःचा पाय टेबलाच्या पायाला बांधून घेतला होता. मला हसूच आलं. हा काय नवीन खेळ, म्हणून विचारलं.

"खेळ न्हाई," ती म्हणाली. "गोळी खाऊन पन मला बसता येत न्हाई. पथ्य पन पाळते. म्हंजे आजार गेला आई, आता माझीच खोड हाय."

मी तिथंच फरशीवर बसले. मग सगळं सांगितलं. महिनाभर तुझी गोळी मी दिलीच नाही, ती दुसरीच होती, आणि मी तुला फसवलं. सांगताना तिच्याकडं बघायची हिंमत होत नव्हती. वाटलं, आता ही वही भिरकावील, रडून गाव गोळा करील. राग आला की ती कुणाची नसायची. मला तेच हवं होतं.

तिनं काहीच फेकलं नाही. हातातली पेन्सिल तेवढी खाली ठेवली.

"म्हंजे मी परत बिघडले न्हवते?"

न्हाई गं बाई, म्हटलं मी.

आणि ती हसली. रागावायचं सोडून तिला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही नगरला गेलो, डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं, ते सगळं आता पुसट झालंय. ते हसणं जात नाही. रिबिनीची गाठ तिनं एवढी घट्ट मारली होती की आम्हा दोघींनाही ती सुटेना. शेवटी मी विळीनं कापली. घोट्याभोवती लाल वळ उठला होता. मी त्याला हात लावला तर म्हणाली, दुखत न्हाई.